न्हाण्याच्या दिवशी ब्रशही धुवायचा

केस धुऊन दोन दिवस होत नाहीत तोच ते मुळाशी चिकट लागायला लागले की बहुतेक जणी शाम्पूला दोष देतात. मी त्यांना आधी ब्रश उजेडात धरून बघायला सांगते. काड्यांच्या बुडाशी करडा थर दिसला, तर शाम्पू बदलायची घाई करू नये. न्हाऊन आल्यावर पहिल्यांदा विंचरतानाच तो थर धुतलेल्या केसांवर परत चढतो: मागच्या आठवड्याचं तेल, कोंडा, धूळ, सगळंच. म्हणून ज्या दिवशी डोक्यावरून आंघोळ, त्याच दिवशी ब्रश आणि फण्याही धुवायच्या, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. तो पाळताना काय काय करावं लागतं ते सविस्तर लिहिते.

आम्ही सोलापुरात राहतो. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे धुण्याभांड्याला आणि आंघोळीला बोअरचंच पाणी. ते जड आहे. तोटीवर आणि बादलीच्या कडेला पांढरे क्षार धरतात. माझे केस कमरेपर्यंत, दाट आणि कोरडे. आईचे पांढरे आणि विरळ, आणि तिला रोज खोबरेल लागतं. लेक सहावीत आहे, तिचे कुरळे. त्यामुळे घरात माझा रुंद गादीचा ब्रश, लेकीचा गुंता सोडवायचा प्लास्टिकचा ब्रश आणि आईची शिसवी फणी अशी तीन वेगळ्या स्वभावाची हत्यारं आहेत, आणि तिन्ही एकाच बादलीत बुडवून चालत नाही. नवऱ्याचा खिशातला कंगवा दोन मिनिटांत होतो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सगळ्यात जास्त वेळ माझ्याच ब्रशला लागतो. त्याची मूठ लाकडी, वर रबराची फुगीर गादी, आणि गादीत रोवलेल्या प्लास्टिकच्या काड्या. प्रत्येक काडीच्या टोकाला बारीक मणी, म्हणजे टाळूला टोचत नाही. गादीच्या आत पोकळी असते आणि गादीवर एक बारीकसं भोक असतं. गादी दाबली की त्यातून हवा बाहेर जाते, सोडली की परत आत येते. विंचरताना ब्रश मऊ लागतो तो याच हवेमुळे, आणि धुताना सगळी काळजी घ्यावी लागते तीही याच भोकामुळे. हवेच्या रबरी गादीचा ब्रश इंग्लंडमध्ये मेसन पिअर्सन यांनी १८८५ च्या सुमारास आणला. तेव्हापासून आजपर्यंत गादीची रचना मुळात तीच राहिली आहे.

सुरुवात कोरड्याने करायची. पाणी लागायच्या आधी गुंतवळ निघालीच पाहिजे, कारण ओला केस काडीला घट्ट वेढे घालतो आणि मग सुटता सुटत नाही. मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसते आणि शेपटीच्या कंगव्याचं टोक मुठीकडच्या बाजूने काड्यांच्या दोन ओळींमध्ये घालते. टोक गादीला टेकवून पुढे सरकवत न्यायचं आणि मधूनमधून वर उचलायचं. दोन-तीन ओळी अशा मोकळ्या झाल्या की बाकीची गुंतवळ घोंगडीच्या तुकड्यासारखी एकसंध उचलून येते. टोकाचा कंगवा नसेल तर क्रोशाची सुई उत्तम. दाभण वापरू नये, गादीला भोक पडतं.

तरीही काही केस काड्यांच्या बुडाशी वेटोळं करून बसलेले असतातच. ते ओढायचे नाहीत. काडी गादीत फक्त अडकवलेली असते; बुडाशी गुंडाळलेला केस ओढला की काडीही वर येते, आणि एकदा सैल झालेली काडी पुढे आत धसते. मी नखं कापायची छोटी कात्री घेते, ओळींच्या मधल्या गल्लीतून ते केस कापते आणि तुकडे चिमट्याने उचलते. या कामाला चष्मा लावून, चांगल्या उजेडात बसावं.

केस निघाले की खालचा थर दिसतो. ब्रश तिरका धरून बघितला की कळतं, हा नुसता मळ नाही. त्यात टाळूच्या त्वचेचे पांढुरके कण असतात, डोक्याचं स्वतःचं तेल असतं, वरून लावलेलं खोबरेल असतं, रस्त्यावरची धूळ असते, आणि कपड्यांचे तंतू असतात. माझा न्हाण्याचा टॉवेल सोलापुरी आहे, मोरपंखी रंगाचा. थर सुईने उकलला की त्यातले मोरपंखी तंतू स्पष्ट वेगळे दिसतात. मी केसांना सीरम लावायची तेव्हा हा थर जास्त चिवट व्हायचा. सीरममधलं सिलिकोन पाण्यात विरघळत नाही, काड्यांना त्याचा पातळ लेप बसतो आणि त्यावर धूळ धरते. कोरडा जुना टूथब्रश ओळीओळीने फिरवला आणि ब्रश पालथा करून वर्तमानपत्रावर हलकेच ठोकला की निम्म्याहून जास्त थर पाण्याशिवायच पडतो. उरतो तो कीट. त्याला पाणी हवं.

पाण्याच्या आधी आणखी एक काम: गादीवरच्या भोकात टूथपिकचं टोक घालून ठेवायचं. फार आत दाबायचं नाही, बसेल एवढंच. आत पाणी शिरलं तर ते आपसूक बाहेर येत नाही, दिवसेंदिवस आत राहतं आणि गादीला कुबट वास यायला लागतो. पावसाळ्यात तर आतून बुरशी धरते. ही अडचण जुनीच आहे. न्यूयॉर्कच्या लायडा न्यूमन या कृष्णवर्णीय स्त्रीने १८९८ मध्ये ज्या ब्रशचं पेटंट घेतलं, त्याची सगळी रचनाच साफसफाईसाठी होती: तंतूंचा भाग मुठीपासून सुटा करता यायचा, आणि ओळींच्या मधल्या फटींतून कचरा आतल्या पोकळीत जायचा, तिथून तो काढून टाकता यायचा. आज बाजारात काड्यांचा भाग सुटा होणारा ब्रश शोधावा लागतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. विकत घेताना मऊपणा, रंग, मूठ सगळं बघितलं जातं. हा धुवायचा कसा, हे कुणी विचारत नाही.

मग एका उथळ ताटलीत कोमट पाणी घ्यायचं, बोट एवढंच बुडेल इतकं, आणि त्यात चमचाभर शाम्पू फेसायचा. पाणी कोमटच हवं. खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली थिजतं, म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी गार पाण्याने घासलं तर ते निघण्याऐवजी नुसतं पसरतं. आणि कढत पाणी घेतलं तर गादी मुठीला जिथे चिकटवलेली असते तिथला गोंद सुटतो. आंघोळीला घेतो तेवढं ऊन पाणी बरोबर.

साबण मात्र नको. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांचा साबणाशी संयोग झाला की पाण्यात न विरघळणारी चिकट साय तयार होते, आणि ती नेमकी काड्यांच्या बुडाशी जाऊन बसते. शाम्पूतले फेस करणारे घटक वेगळे असतात, त्यांची अशी साय होत नाही. आई म्हणते, "अगं, रिठ्याचं पाणी घे, शाम्पू कशाला नासतेस?" रिठ्याचं पाणी खरंच चांगलं चालतं. फक्त ते फडक्यातून गाळून घ्यावं लागतं, नाहीतर सालींचा भुगा ओळींमध्ये अडकतो आणि एक कचरा काढून दुसरा भरला असं होतं. शिकेकाईच्या पुडीचंही तेच.

ब्रश पालथा धरून फक्त काड्या पाण्यात टेकवायच्या, गादी नाही. पाचेक मिनिटं तसंच धरून थोडं हलवत राहिलं की पाणी गढूळ व्हायला लागतं. मग ओला टूथब्रश घेऊन मुठीकडून टोकाकडे, एकेक ओळ. दर दोन ओळींनंतर टूथब्रश धुऊन घ्यायचा, नाहीतर तोच कीट पुढे नेतो. कीट फारच जुना असेल तर ताटलीतल्या पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालते. धुण्याचा सोडा घेऊ नये, तो फार तीव्र असतो. डुकराच्या केसांचे ब्रश असतात त्यांची तर त्याने पार वाट लागते. ते तंतू आपल्या केसांसारखेच केराटिनचे, त्यामुळे जे आपल्या केसांना सोसत नाही ते त्यांनाही सोसत नाही.

खळबळायला मी प्यायच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी घेते. पाण्याची ओढ असताना हे उधळेपण वाटेल, पण शेवटचं पाणी जड असलं की काड्यांवर पांढरट डाग राहतात आणि त्या खरखरीत होतात. आमच्या शेजारी फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी बादलीत साठवून सगळीकडे वापरतात. फरशी पुसायला ते ठीक, पण या कामाला नको. फिल्टरने काढलेले क्षार त्याच पाण्यात जास्त दाट होऊन आलेले असतात. प्लास्टिकच्या कंगव्यावर आधीच क्षार धरले असतील तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चोळून दहा मिनिटं ठेवला की ते सुटतात.

धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं, हे मी ठासून सांगेन. ब्रश झटकायचा, पंचावर पालथा धरून गादी पाच-सहा वेळा दाबायची, मग टूथपिक काढून परत दाबायची. चुकून आत गेलेलं पाणी या वेळी थेंबाथेंबाने बाहेर येतं. त्यानंतर तो पालथाच ठेवायचा, पण सपाट नाही: दोन वाट्यांवर मूठ आणि टोक टेकवून, म्हणजे खालून वारा लागतो. पंख्याखाली, सावलीत, रात्रभर. सोलापूरचं ऊन बघून गच्चीवर ठेवायचा मोह होतो, पण त्या उन्हात रबर तडकतं आणि लाकडी मूठ फाटते. मे महिन्यात घरातल्या घरात काही तासांत वाळतो. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबते. तोपर्यंत विंचरायला साधा मोठ्या दातांचा कंगवा. एरवीही ओले केस विंचरायला तोच बरा.

आईच्या फणीची तऱ्हा अगदी निराळी. ती शिसवी आहे, दोन्ही बाजूंना दाते, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला दाट. लाकडाला पाणी पाजलं की दाते फुगतात, वाळताना उभे चिरतात, आणि चिरलेला दाता केस तोडतो. म्हणून तिला पाणी नाही. जाड सुती दोऱ्याचा एक शेवट खिळ्याला बांधायचा, दोरा ताणून धरायचा आणि फणीचा एकेक दाता त्यावरून खाली-वर घासायचा. दोरा पांढऱ्याचा काळा होतो. तो सरकवत पुढचा स्वच्छ भाग वापरायचा. आई हे काम अजून स्वतः करते, मला फक्त दोरा ओढून धरायला बोलावते. कीट घट्ट असेल तर ती आधी तिळाच्या तेलाचं बोट फणीवर फिरवून अर्धा तास ठेवते. तेलाने जुनं तेल मऊ होतं, मग दोऱ्याला भराभर येतं. शेवटी मऊ फडक्याने इतकं पुसायचं की हाताला तेलकट लागता कामा नये.

लाकूड फार कोरडं, पांढुरकं दिसायला लागलं तर जवसाच्या तेलाचा एक हात देते. खोबरेल लाकडावर वाळत नाही, ओलसरच राहतं आणि धूळ धरतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू कडक होतं आणि लाकडात बसतं. त्याला दोन-चार दिवस द्यावे लागतात. जवसाच्या तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना ते आतून तापतं आणि बोळा करून ठेवलं तर पेटूही शकतं. दोरीवर पसरून वाळवायचं, मगच टाकायचं.

शाळेतून उवा आल्या की सगळं वेळापत्रक बदलतं. लेकीच्या वर्गात दरवर्षी एकदा तरी साथ येतेच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. उवा डोक्याला डोकं लागून पसरतात, घाणीमुळे होत नाहीत. कंगव्यातून पसरण्याचा धोका त्यामानाने कमी, कारण माणसाचं रक्त मिळालं नाही तर ऊ एक-दोन दिवसांत मरते. तरी त्या दिवसांत प्रत्येकाचा कंगवा वेगळा, आणि लेकीचा ब्रश आणि उवांची फणी रोज गरम पाण्यात. पाणी निदान ५५ अंश हवं आणि त्यात पाच ते दहा मिनिटं बुडवायचं. मी उकळतं पाणी आणि माठाबाहेरचं साधं पाणी समसमान घेते. ते साठाच्या आसपास येतं, मोजायची गरज पडत नाही. लेकीच्या ब्रशला गादी नाही, काड्या आणि मूठ एकाच प्लास्टिकची, त्यामुळे तो बिनधास्त बुडवता येतो. गादीच्या ब्रशला हे पाणी सोसणार नाही. तो त्या दिवसांत कपाटात, कुणीही वापरायचा नाही. डोक्यात गजकर्ण असेल तर गोष्ट वेगळी. तो संसर्ग कंगव्यातून सहज जातो, तिथे वेगळा कंगवा ठेवावा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दाते ही रचना किती जुनी आहे, हे वाचलं तेव्हा मी आईला मुद्दाम वाचून दाखवलं होतं. इस्रायलमधल्या लाखीश इथे बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी अशी हस्तिदंती फणी सापडली आहे, सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची. तिच्या एका बाजूला सहा जाड दाते, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक. तिच्यावर कोरलेला मजकूर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला: या सुळ्याने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निपटून निघोत, अशी ती प्रार्थना आहे. आईने तिची फणी पुढे करून लेकीला दोन्ही बाजू दाखवल्या आणि म्हणाली, "बघ, हीच."

आता गुंतवळीचं. ती मोरीत कधीच जाऊ द्यायची नाही. केस, खोबरेल आणि साबणाची साय एकत्र आली की जाळीखाली जो बोळा तयार होतो तो काढायला माणूस बोलवावा लागतो. आईचा दंडक असा की गुंतवळ बोटाला गुंडाळून गाठ मारायची आणि डब्यात ठेवायची, घरात एकही केस उडता कामा नये. तिन्हीसांजेला विंचरू नये हेही ती अजून पाळते. आमच्या गल्लीत "केसांवर भांडी" अशी आरोळी देत बायका अधूनमधून येतात. लांब केसांची गुंतवळ टोपांसाठी आणि गंगावनासाठी जाते. माझे केस त्या आनंदाने घेतात. लेकीचे छोटे तुकडे आणि ब्रशमधला चुरा मी कुंडीत मातीखाली घालते. केसांत नत्र भरपूर असतं, फक्त ते कुजायला महिनोन्‌महिने घेतात, म्हणून थोडे-थोडेच.

डब्यातल्या या गुंतवळीचा मला एक फार मोठा उपयोग झाला. मला डेंग्यू होऊन गेल्यावर दोन-अडीच महिन्यांनी केस मुठीमुठीने जायला लागले. दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविकच असतं, त्यामुळे आठवडाभर न काढलेला ब्रश कुणालाही घाबरवू शकतो. पण माझा ब्रश दर न्हाण्याला रिकामा होत होता, म्हणून हे नेहमीचं नाही हे मला लगेच कळलं. डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्या तापानंतर बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात, मुळं शाबूत असतात. त्यांनी रक्त तपासून लोह बघितलं आणि धीर धरायला सांगितलं. त्या काळात मी दर रविवारची गुंतवळ वेगळ्या कागदात बांधून वर तारीख लिहीत होते. आरशात काहीच फरक दिसत नसताना त्या पुड्या लहान होत गेलेल्या दिसत होत्या. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. डोक्यावर फरक दिसायला बराच काळ जातो, तोवर मला आधार त्या पुड्यांचा होता. ज्यांचे केस आजारानंतर किंवा बाळंतपणानंतर जात आहेत त्यांना मी कळकळीने सांगते की ब्रश भरू देऊ नका, नियमाने रिकामा करा, म्हणजे काय चाललं आहे ते नीट दिसेल.

एवढं करूनही ब्रश जन्मभर पुरत नाही. काड्यांच्या टोकांचे मणी झिजून गेले की टाळूवर बारीक ओरखडे उठतात. बोटाचं पेर सगळ्या काड्यांवरून फिरवलं की कुठे टोचतं ते लगेच कळतं. एखाद-दुसरा मणी गेला तर ती काडी मी बुडाशी कापून टाकते. बरेच गेले, गादी चिरली, किंवा दाबल्यावर ती परत फुगेनाशी झाली, की तो ब्रश केसांसाठी संपला. मग मी त्याच्यावर मार्करने फुली मारते, म्हणजे कुणी चुकून डोक्याला लावत नाही, आणि तो खिडकीच्या जाळ्या आणि सोलापुरी चादरीवरचे तंतू काढायला ठेवते. जाळीतली धूळ त्याच्याइतकी दुसऱ्या कशाने निघत नाही.